घासाघीस



दसरा जवळ आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. एक, आपट्याची पानं कुठे मिळतील? दुसरा, गाडी चकाचक कशी करायची? यंदा एका तरुण मित्रानं थेट फोटोच टाकला. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं बफिंग मशीन आणि त्याच्यासोबत आलेली सात रंगांची सात पॅड्स. खाली प्रश्न होता, "दादा, यातलं कुठलं आधी लावू?"

दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं पिवळं, कुणी म्हणालं लोकरीचं, एकानं तर "सगळी लाव, दसरा आहे!" असं लिहिलं. मी एवढंच टाकलं, "थांब. आज काहीच लावू नकोस." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. नव्हतो करत. उरलेलं उत्तर मोठं आहे आणि त्यात माझी एक चूक सांगावी लागते, म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच.

बोनेटवरचा रुपया

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. पप्पा तापी लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आले आणि सचिन जीआयडीसीतल्या डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये स्टेंटर मशीनवर लागले. तिथेच त्यांची उमेद गेली. २०१२ साली त्यांनी पहिली गाडी घेतली, गडद निळी वॅगन आर. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ही गाडी एका दिवसासाठी घेतलीये. माझ्या धाकट्या बहिणीची पाठवणी स्वतःच्या गाडीतून करायची, हे पप्पांनी मनाशी ठरवलं होतं.

तो दिवस २०२१ च्या फेब्रुवारीत आला. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करत सचिनलाच होतो. लग्नाला आठ दिवस होते. नऊ वर्षांच्या गाडीवर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. मी म्हटलं, पप्पा, गाडी माझ्याकडे द्या, शोरूममधून काढल्यासारखी करून देतो. मशीन मागवलं, चार व्हिडिओ पाहिले आणि बोनेटवर सुरुवात केली. मऊ पॅडनं पाच मिनिटांत फरक दिसेना. मग किटमधलं सगळ्यांत दणकट, १८० मिलिमीटरचं लोकरीचं पॅड चढवलं, त्यावर रबिंग कंपाउंड घेतलं आणि स्पीड वाढवला.

ओरखडे खरंच गेले. मला इतका आनंद झाला की मी बोनेटच्या उभ्या घडीवर, जिथे पत्रा दुमडून धार आलेली असते तिथे, दोन-तीन सेकंद जास्त थांबलो. प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला. मशीन उचललं तर निळ्या रंगात रुपयाच्या नाण्याएवढा राखाडी ठिपका. वरचं क्लिअर गेलं होतं, निळा रंगही गेला होता आणि खालचा प्रायमर माझ्याकडे बघत होता.

पप्पा बाहेर आले, खाली वाकून बघितलं आणि आत गेले. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आपण नेमकं काय घासतो?

तेव्हा मला माहीत नव्हतं आणि ग्रुपवरच्या बहुतेकांना आजही माहीत नाही, ते आधी सांगतो.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर तळाला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक दिसते ती या क्लिअर कोटची. उन्हापासून खालच्या रंगाला जपणारेही तोच. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते, म्हणजे प्रिंटरच्या एका कागदाएवढी किंवा थोडी जास्त. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याच्यापेक्षा जाड निघेल.

आता मुख्य मुद्दा. पॉलिश केल्यानं ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. खड्डा बुजवायचा नाही, तर अख्खी जमीन खड्ड्याच्या पातळीला आणायची, असा हा प्रकार आहे. म्हणून प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा क्लिअर कोट कायमचा जातो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कंट्रोल-झेडची सवय. इथे ते बटण नाही.

आपल्या सचिनच्या नावाशीही असाच एक सौदा जोडलेला आहे. १७९१ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बालू मियाँला सचिनची जहागीर दिली आणि बदल्यात जंजिऱ्यावरचा त्याचा हक्क लिहून घेतला. सचिनला नवाबी बसली, पण जंजिरा काही पेशव्यांच्या हाती आला नाही. तो सिद्दींकडेच राहिला, थेट १९४८ पर्यंत. घासाघीस करताना हातचं काय जातंय आणि येणारं खरंच येतंय का, हे आधी बघावं. दसऱ्याच्या एका दिवसाच्या चमकेसाठी आपण गाडीची पुढची दहा वर्षं देतो आहोत का, एवढाच प्रश्न आहे.

ओरखडे येतात कुठून?

आपल्या भागात गाडीवर जाळं लवकर पडतं, त्याची कारणं आपल्याच अंगणात आहेत. प्रोसेस हाउसच्या बॉयलरची बारीक राख आणि पलसाणा रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी आपण काय करतो? घरात फुकट पडलेली पॉलिस्टरची चिंधी घेतो आणि कोरडीच फिरवतो. सुरतेत चिंधीला तोटा नाही! पण पॉलिस्टर पाणी शोषत नाही आणि राखेचे कण दाबून फिरवतो. राख आणि चिंधी मिळून झाला की हो पाणीपेपर!

उन्हात बघितलं की हे ओरखडे सूर्याभोवती गोल गोल, कोळिष्टकासारखे दिसतात. खरं म्हणजे ते गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाशी ठरावीक कोनात येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं भासतात.

त्यामुळे पॅड निवडण्याआधीची पायरी म्हणजे ही चिंधी फेकणं. भरपूर पाणी, कार शॅम्पू आणि जाड मायक्रोफायबर कापड एवढं सांभाळलं तर वर्षानुवर्षं मशीन काढायची वेळ येत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर गाडी उन्हात सुकू देऊ नका, धुतल्या धुतल्या पुसून घ्या.

मशीन कोणतं आहे ते ओळखा

बाजारात दोन प्रकारची मशीनं आहेत. पहिलं रोटरी, ज्यात पॅड एकाच मध्याभोवती गरागरा फिरतं. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, ज्यात पॅड फिरता फिरता हेलकावेही खातं. ड्युअल अ‍ॅक्शनच्या बऱ्याचशा मशीनवर जोर जास्त दिला की पॅडचं फिरणं थांबतं, त्यामुळे चूक जरा उशिरा होते. रोटरी थांबत नाही. तुम्ही दाबलं तरी ते फिरत राहतं आणि एकाच जागी उष्णता साठते. स्वस्त किटमध्ये बहुतेक रोटरीच येतं. मित्राच्या फोटोतलंही तेच होतं.

थोडं गणित करू. १५० मिलिमीटरचं पॅड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी साधारण ४२ किलोमीटर होतो. तेवढ्याच फेऱ्यांवर ७५ मिलिमीटरच्या पॅडचा वेग निम्मा, म्हणजे २१. आणि मी त्या दिवशी वापरलं १८० मिलिमीटरचं पॅड, फेरे २५०० च्या आसपास. म्हणजे कड ताशी ८५ किलोमीटरनं बोनेटवरून धावत होती. पप्पांनी हायवेवरही ती गाडी कधी ८० च्या वर नेलेली नाही!

यावरूनच आणखी एक इशारा. काही जण घरातल्या अँगल ग्राइंडरला पॉलिशचं पॅड लावतात. एक-वेगाचा साधा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्या वेगाला १५० च्या पॅडची कड ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पोचते. रंग जाईलच, पॅड फाटून माणसालाही लागेल. ग्राइंडर ग्राइंडरच्या जागी राहू द्या.

आता पॅड

पॅडचे मुख्य प्रकार तीन.

लोकरीचं पॅड सगळ्यांत वेगानं कापतं. धाग्यांमधून हवा खेळत असल्यानं ते जाड फोमच्या मानानं थोडं थंडही राहतं. पण मागे धूसरपणा ठेवतं आणि उन्हात पट्टे दिसतात, ज्याला डिटेलिंगवाले होलोग्राम म्हणतात. म्हणजे लोकरीनंतर फोम लावावाच लागतो. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर पाणीपेपरच्या खुणा काढायला पेंटरला लोकर लागते. आपल्याला घरच्या गाडीवर ती क्वचितच लागते.

फोमचं पॅड घरच्या कामासाठी योग्य. त्यातही कडक फोम कापतो, मधला फोम पॉलिश करतो आणि अगदी मऊ फोम शेवटचा हात फिरवायला किंवा वॅक्स लावायला असतो. बोटानं दाबून बघा. मऊ पॅड स्पंजासारखं सहज दबतं, कडक पॅड जोर मागतं.

मायक्रोफायबरचं पॅड मुख्यतः ड्युअल अ‍ॅक्शनसाठी आहे. रोटरीवर नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

रंगांचं काय? इथेच ग्रुपवरचे सगळे सल्ले फसले. पॅडच्या रंगांचं कुठलंही जागतिक प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीची आपली भाषा. इटलीच्या रूपेस कंपनीत निळं पॅड म्हणजे सगळ्यांत खरखरीत. थ्रीएमच्या मालिकेत निळं पॅड म्हणजे शेवटच्या अतिबारीक फिनिशिंगचं. एकाचं ऐकून दुसऱ्याचं निळं लावलं की संपलंच. म्हणून रंग विचारू नका, पाकिटावर कटिंग लिहिलंय, पॉलिशिंग लिहिलंय की फिनिशिंग, ते वाचा. किटच्या पाकिटावर काहीच लिहिलं नसेल तर बोटानं दाबून मऊपासून कडकपर्यंत ओळीनं मांडा आणि मागे पेननं आकडे टाका.

आकाराचंही तसंच. टप आणि बोनेटसारख्या सपाट भागाला १५० चं पॅड पुरतं. दरवाज्याच्या हँडलपाशी, खांबांवर, आरशांवर ७५ चं घ्या. १८० चं काम पटकन करतं आणि चूकही पटकन करतं. ते शिकणाऱ्याच्या हातात नको. पॅड थोडं जाड, इंचभर तरी असावं, म्हणजे गोलाईवर ते दबतं आणि कड टोचत नाही.

मागची चकती, जिला बॅकिंग प्लेट म्हणतात, ती पॅडपेक्षा थोडी लहान हवी. तिचा कडक काठ बाहेर आला तर रंगाला थेट लागतो. तिचा आटा मशीनच्या आट्याशी जुळतो का तेही बघा. आपल्याकडे बहुतेक रोटरीला एम-चौदाचा आटा असतो, अमेरिकेतून मागवलेल्या प्लेटला दुसरा. आणि पॅड बरोबर मधोमध चिकटवा. थोडं जरी सरकलं असेल तर मशीन थरथरतं आणि हात ताब्यात राहत नाही.

मऊपासून सुरुवात

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. आधी सगळ्यांत मऊ पॅड आणि सगळ्यांत सौम्य पॉलिश. तेही अख्ख्या गाडीवर नाही, फक्त दीड फूट बाय दीड फुटाच्या एका तुकड्यावर. त्यानं काम झालं तर देव पावला, संपूर्ण गाडी त्याच जोडीनं करा. नाही झालं तर पॅड तेच ठेवा आणि पॉलिश एक पायरी वर न्या. तरीही नाही झालं तरच मधलं पॅड. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. ऑफिसात आपण कोड आधी स्टेजिंगवर चालवतो, थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही. मी त्या दिवशी पप्पांच्या बोनेटवर थेट प्रॉडक्शन केलं.

बाकीची शिस्त अशी:

• गाडी धुऊन, सुकवून, सावलीत ठेवा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे.

• धारा, घड्या, काचेची रबरं आणि दरवाज्यांच्या कडा मास्किंग टेपनं झाका. धारेवर रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा भार तिथे एका रेषेवर येतो. माझा रुपया तिथेच पडला.

• वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पॉलिश घ्या. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून पसरा, मग कमीत कमी वेगावर, सहाशेच्या आसपास, सुरू करा. काम करताना हजार ते पंधराशे पुरे.

• पॅड जवळजवळ सपाट ठेवा. तिरकं धरलं की भार कडेवर येतो.

• मशीन सतत फिरतं ठेवा. जोर तुमचा नको, मशीनचं वजन पुरेसं आहे.

• कडेजवळ पॅड कडेवरून बाहेर उतरेल अशा दिशेनं घ्या. बाहेरून कडेवर चढू देऊ नका.

• दर पॅनेलनंतर पॅड ब्रशनं साफ करा. साठलेला चिकटा पॅड गरम करतो आणि नवे ओरखडे पाडतो. एका गाडीला एकाच प्रकारची दोन-तीन पॅड्स असावीत, म्हणजे एक तापलं की दुसरं लावता येतं. एका पॅडवर एकच पॉलिश, कंपाउंडचं पॅड फिनिशिंगला नाही.

• दर थोड्या वेळानं हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा. कोमट ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर थांबा.

• प्लास्टिकच्या बंपरवर दुप्पट सावध राहा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं.

नख अडकेल इतका खोल चरा असेल तर तिथे पॉलिशचं काम नाही. त्याच्या तळापर्यंत पोचायला जावं तर क्लिअर कोट उरणार नाही. तो चरा टच-अपनं झाकायचा आणि त्याच्याशी दोस्ती करायची. आणि जुनी, साध्या एकाच थराच्या रंगाची गाडी असेल तर पॅडवर गाडीचा रंग उतरतो. ते बघून घाबरू नका, पण घासणं निम्मं करा, कारण तिथे वर क्लिअर नाहीच.

काकांचं वाक्य

आमच्या शेजारी एक काठियावाडी काका राहतात. आयुष्य हिऱ्याच्या घंटीवर गेलं. सुरतेत या कामाला "हीरा घसवा" असंच म्हणतात. लोखंडी सरणीवर हिऱ्याचीच भुकटी तेलात कालवून लावायची आणि हिरा टेकवायचा, कारण हिऱ्याला हिराच कापतो. त्या दिवशी ठिपका पडल्यावर मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. काका आले, बोनेट बघितलं आणि विचारलं, घासताना किती वेळा उचलून बघितलंस? मी म्हटलं, ओरखडे जाईपर्यंत उचललंच नाही.

काका हसले. म्हणाले, आम्ही हिरा टेकवतो आणि उचलतो, टेकवतो आणि उचलतो. डोळ्याला आयग्लास लावून दर वेळी बघतो. गेलेलं वजन परत येत नाही. मग गुजरातीत म्हणाले, "जोवानुं वधारे, घसवानुं ओछुं." बघायचं जास्त, घासायचं कमी.

पॅड निवडण्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं, पण याच्यापुढे कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

रात्री जेवताना पप्पा पहिल्यांदा बोलले. "स्टेंटरला ताका अडकला ना, की नवा पोऱ्या आधी कापड ओढायला धावतो. जुना माणूस आधी गरमी बंद करतो. ओढलेलं कापड जळतंच." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली. पॉलिस्टर कापड १८० अंशांच्या आसपास सेट करणाऱ्या मशीनवर ज्यानं आयुष्य काढलं, त्या माणसाला मी उष्णतेबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. मशीन हातात घेण्याआधी चार व्हिडिओ पाहिले, पण घरातला माणूस आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटर उस्तादांना दाखवलं. ते म्हणाले, पूर्ण बोनेट रंगवता येईल, पण नऊ वर्षं ऊन खाल्लेल्या निळ्याला नवा निळा जुळणं अवघड, दुरून ओळखू येईल. मी तरी रंगवायलाच निघालो होतो. पप्पांनीच थांबवलं. उस्तादांनी ठिपक्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर बारीक ब्रशनं लावून दिलं. जवळून दिसत होतंच.

लग्नाच्या दिवशी सकाळी फुलवाला गाडी सजवायला आला. बोनेटवर मधोमध मोठा गुच्छ लावायची त्याची पद्धत. पप्पा म्हणाले, "मधोमध नको, इथे लाव." आणि बोट त्या रुपयावर ठेवलं. फोटोत गुच्छ थोडा डावीकडे दिसतो. पाहुण्यांना वाटलं नवी फॅशन आहे. बहीण त्याच गाडीतून गेली. गाडी पप्पांनी स्वतः चालवली.

ती वॅगन आर अजून आमच्याकडे आहे. ठिपकाही आहे. दर वर्षी खंडेनवमीला पप्पा माझ्या मशीनलाही हळद-कुंकू लावतात आणि लावताना एकदा बोनेटकडे बघतात. बोलत अजूनही काही नाहीत.

तेव्हा मित्रा, सगळ्यांत मऊ पॅड काढ, बोनेटच्या सपाट भागावर दीड फुटाचा चौकोन टेपनं आख आणि घरात कुणी कधी मशीनवर काम केलेलं असेल तर त्यांना आधी शेजारी उभं कर. दर मिनिटाला मशीन उचलून बघ. ओरखडे सगळे गेले नाहीत तरी चालतील. झेंडूचा हार मोठा घे.

सगळ्यांना दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा!